वाळूची चालती टेकडी

वाळू चालते हे कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको. वारा सुटला की ती अंगणात येते. पण ती अख्खे गाव गिळायला आली तर?

युरोपात बाल्टिक समुद्राच्या काठी वाळूचा एक लांबलचक दांडा आहे. कुरोनियन दांडा त्याचे नाव. अर्धा लिथुआनियात, अर्धा रशियात. लांबी ९८ किलोमीटर, आणि रुंदी काही ठिकाणी अवघी ४०० मीटर! एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नेमन नदीने भरलेले खाजण.

लाटांनी आणि वाऱ्याने वाळू आणून टाकली, तिच्यावर जंगल उगवले आणि मुळांनी ती वाळू जखडून ठेवली. मग माणसाने कुऱ्हाड चालवली. झाडे गेली, वाळू मोकळी झाली. आता ती चालते कशी, तेही पाहा. वारा समुद्राकडच्या उतारावरचे कण माथ्यावर चढवतो आणि पलीकडे टाकतो. मागचे पुढे, मागचे पुढे, असे होत टेकडीच खाजणाकडे सरकते. अशी १४ गावे गाडली गेली. नीडा गावच्या कोळ्यांना तर आपले गावच उचलून दुसरीकडे न्यावे लागले.

एकोणिसाव्या शतकात लोकांनी समुद्राच्या बाजूने काटक्यांची कुंपणे घातली. वाळू तिथे अडली, तिचाच बांध झाला. मागे गवत आणि पाइनची झाडे लावली. आपल्याकडे किनाऱ्यावर सुरू लावतात ना, तीच युक्ती.

आज त्या जंगलात घोड्याएवढी उंच एल्क हरणे आहेत, रानडुकरे आहेत. पाणकावळ्यांची मोठी वसाहत आहे. त्यांच्या विष्ठेने झाडे वठतात, ती गोष्ट वेगळी! पण खरी मौज स्थलांतराच्या दिवसांत. रानपाखरे मोठे पाणी ओलांडायला कचरतात, म्हणून हजारोंच्या संख्येने या दांड्याचीच वाट धरतात. ते हेरून योहानेस थीनेमान यांनी १९०१ साली येथे पक्षीनिरीक्षण केंद्र काढले. पाखरे जाळ्यात धरायची, पायात क्रमांकाची कडी घालायची नि सोडून द्यायची. तेच काम आजही रशियाच्या भागात चालते.

दोन्ही देशांनी आपापला भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला आहे. २००० साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतले. उघड्या टेकड्या आता थोड्याच उरल्या आहेत. नीडाजवळच्या टेकडीवर चढायला लाकडी पायऱ्या आहेत, वाट सोडायला बंदी आहे. कारण चढणाऱ्याच्या प्रत्येक पावलासरशी वाळू खाली घसरते आणि टेकडी तेवढी खुजी होते.