धाप लागते, तरी शंभर किलोमीटर? मदतीसाठी लांब चालण्याचा धडा



'मदतफेरी' हा शब्द आपल्याला नवा नाही. १९९३ चा किल्लारीचा भूकंप असो की एखाद्या वर्षीचा महापूर, शाळेतली मुलं हातात डबे घेऊन गल्लोगल्ली फिरलेली आपण पाहिली आहेत. चॅरिटी वॉक ही या मदतफेरीची लांबची बहीणच. फरक एवढाच की मदतफेरीत आपण पैसे गोळा करण्यासाठी चालतो, तर चॅरिटी वॉकमध्ये आधी जाहीर करतो, 'मी एवढे किलोमीटर चालणार आहे.' नातेवाईक, मित्र, शेजारी त्या संकल्पावर विश्वास ठेवून एखाद्या संस्थेला देणगी देतात.

असा उपक्रम निघाला की स्टाफरूममध्ये एक प्रश्न हमखास येतो. "अहो, मला दोन जिने चढले की धाप लागते. मी कशाला यात पडू?" प्रश्न रास्त आहे. पन्नाशीकडे झुकलेलं वय, दिवसभर वर्गात उभं राहून दुखणारे पाय, वाढलेलं पोट, आणि शेवटचा व्यायाम कॉलेजात केलेला. अशा माणसाने लांब चालण्याचा संकल्प करावा का? माझं उत्तर आहे, जरूर करावा. मात्र त्यामागचं गणित आणि शरीराचं शास्त्र आधी समजून घ्यावं. तेच आज पाहू.

एक खरं उदाहरण : ट्रेलवॉकर

या प्रकारातला जगभर गाजलेला उपक्रम म्हणजे 'ट्रेलवॉकर'. त्याची सुरुवात १९८१ साली हाँगकाँगमध्ये झाली. तिथे तैनात असलेल्या गुरखा सैनिकांचा तो सराव होता. मॅक्लेहोज ट्रेल नावाची १०० किलोमीटरची डोंगरवाट चालायची आणि त्यातून मदतनिधी उभा करायचा. १९८६ पासून ऑक्सफॅम ही संस्था त्यात आली आणि सामान्य नागरिकांनाही भाग घेता येऊ लागला. पुढे हा उपक्रम अनेक देशांत पसरला. भारतातही बंगळूर आणि मुंबई परिसरात तो झाला आहे.

त्याचा नियम शिक्षकाला आवडावा असा आहे. चार जणांचा संघ असतो, १०० किलोमीटर अंतर असतं आणि वेळ ४८ तास. चौघांनी सोबत चालायचं आणि सोबत पोहोचायचं. एकटा पुढे पळाला तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणजे संघाचा वेग ठरतो तो सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसावरून. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते आपल्या शरीरालाही लागू पडणार आहे.

आता गणित करू. १०० भागिले ४८ म्हणजे ताशी साधारण २.१ किलोमीटर. मूल म्हणेल, "बाई, हे तर रांगत जाण्यासारखं झालं!" पण थांबा. ताशी ४ किलोमीटरने चाललो तर नुसत्या चालण्याला २५ तास लागतात. दर १० किलोमीटरला अर्धा तास थांबलो तर मधल्या नऊ थांब्यांचे साडेचार तास. शिवाय चढ. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला, तो आजही वापरतात : दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्तीचा धरा. समजा वाटेत एकूण ३००० मीटर चढ आहे, तर आणखी पाच तास. बेरीज झाली साडेचौतीस. उरलेल्या साडेतेरा तासांत झोप, पायांची मलमपट्टी, रात्री मंदावणारा वेग आणि वाट चुकणं, हे सगळं बसवायचं. वाटतं तितकं हे सोपं नाही. पण पळण्याची गरजही कुठेच नाही.

"आपली माणसं वारीत अडीचशे किलोमीटर चालतात की!"

हा मुद्दा पालक नेहमी मांडतात. आळंदी ते पंढरपूर हे अंतर साधारण अडीचशे किलोमीटर आहे आणि साठी ओलांडलेले आजी-आजोबा ते चालतात, हे खरंच. पण वारीची रचना नीट पाहा. अंतर जवळपास तीन आठवड्यांत विभागलेलं असतं. पुणे ते सासवड, म्हणजे दिवे घाटाचा तो टप्पा, तिसेक किलोमीटरचा. बाकी बरेचसे टप्पे त्याहून लहान. मध्ये विसावे, रात्री मुक्काम, दिंडीचं सामान ट्रकमध्ये आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी सुरुवात. शिवाय अनेक वारकरी वर्षभर शेतात राबतात. त्यांच्या पायांची तयारी आधीच झालेली असते.

म्हणून वारीकडून अंतराचा आकडा उचलू नका, टप्प्यांची पद्धत उचला. खुर्चीतून उठून थेट १०० किलोमीटरला निघायचं नाही.

शरीरातला सगळ्यात हळू विद्यार्थी

आपण रोज चालू लागलो की तीन-चार आठवड्यांत धाप कमी होते. हृदय आणि फुप्फुसं तुलनेने लवकर शिकतात. स्नायूही बऱ्यापैकी लवकर तयार होतात. पण हाडं आणि कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट दोर, हे फार सावकाश बदलतात. कंडरांना रक्तपुरवठा कमी असतो. त्यांना आठवडे नाही, महिने लागतात.

नवख्या माणसाचा घात इथेच होतो. महिन्याभरात दम टिकायला लागतो, उत्साह वाढतो, एका रविवारी एकदम दुप्पट अंतर चाललं जातं. छाती म्हणते 'चल', पण टाचेमागची शीर म्हणते 'नाही'. मग टाचदुखी, नडगीचं दुखणं, कधी पावलाच्या हाडाला बारीक तडा. सतत संचलन करणाऱ्या सैनिकांमध्ये हा तडा इतका दिसला की त्याला 'मार्च फ्रॅक्चर' असंच नाव पडलं. तरण्याबांड सैनिकांचं हे होतं, तर आपण बेताने घेतलेलं बरं!

ट्रेलवॉकरचा नियम इथेही तोच. शरीर हा एक संघ आहे आणि वाढीचा वेग ठरवायचा तो सगळ्यात हळू सदस्यावरून, म्हणजे हाडं आणि कंडरांवरून.

चक्रवाढीचं गणित

किती वाढवायचं? चालणाऱ्या-धावणाऱ्यांमध्ये एक ढोबळ नियम प्रचलित आहे : आठवड्याचं एकूण अंतर आधीच्या आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये. तो काही निसर्गनियम नाही, पण नवख्याला लगाम म्हणून चांगला आहे.

समजा पहिल्या आठवड्यात चार दिवस रोज २ किलोमीटर चाललो. झाले ८ किलोमीटर. दर आठवड्याला दहा टक्के वाढ धरली तर दुसऱ्या आठवड्यात ८.८, तिसऱ्यात ९.७. अगदीच किरकोळ वाटतं ना? पण आठवीच्या मुलांना विचारा, हे चक्रवाढ व्याज आहे. अशा अठरा वाढींनंतर आकडा होतो साधारण साडेचव्वेचाळीस किलोमीटर. दर चौथा आठवडा विश्रांतीचा धरला, म्हणजे त्यात अंतर कमी करायचं, तर हे सगळं सुमारे सहा महिन्यांत बसतं.

यातून काय साधतं? दोन जिन्यांत धापणारा माणूस सहा महिन्यांनी एका दिवसात २५ ते ३० किलोमीटरची वाट आत्मविश्वासाने धरू शकतो. शंभरसाठी मात्र आणखी सहा महिने द्यावेत. म्हणून पहिल्या वर्षीचा संकल्प २५ चाच जाहीर करा. त्यात कमीपणा नाही.

वेग कसा ओळखायचा? घड्याळ नको. चालताना सोबत्याशी बोलता यायला हवं, पण गाणं म्हणायला दम पुरू नये. तो मध्यम वेग. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. म्हणजे या तयारीतला बराचसा भाग एरवीही आपण करायलाच हवा.

पाय, पाणी आणि पोट

लांबच्या वाटेवर माणसं दमाने कमी आणि फोडांनी जास्त हरतात. फोड तीन गोष्टींनी येतो : घर्षण, ओल आणि उष्णता. सुती मोजे घाम धरून ठेवतात, म्हणून घाम बाहेर टाकणारे सिंथेटिक किंवा लोकरीचे मोजे बरे. तासन् तास चालल्यावर पाय सुजतात, तेव्हा बूट संध्याकाळी घ्या आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. नवे बूट घालून मोठ्या वाटेला कधीच निघू नका. नखं सरळ कापा. पाय चुरचुरायला लागला की 'पुढच्या थांब्यावर बघू' म्हणायचं नाही. तिथेच बसून पट्टी लावायची. फोड आलाच तर वरची कातडी सोलू नका, तीच खरी मलमपट्टी आहे.

पाण्याबद्दल एक गैरसमज आहे, 'जितकं जास्त तितकं चांगलं'. तसं नाही. घामातून मीठही जातं. वर नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. तहानेप्रमाणे प्या आणि सोबत मिठाचं काही घ्या : ताक, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, ओआरएस.

खाण्याचंही गणित आहे. ७० किलो वजनाच्या माणसाला एक किलोमीटर चालायला ढोबळमानाने ५० किलोकॅलरी लागतात. २५ किलोमीटरला साडेबाराशे. महागडी पाकिटं लागत नाहीत. केळं, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-पोळी पुरे. दर तासाला थोडं थोडं खा.

सराव पहाटे करा. फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चाला. अंगावर चमकणारी पट्टी हवी.

थांबणं हाही संकल्पाचा भाग

हे पालकांनी विशेष वाचावं. चाळिशी ओलांडलेली, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघ्याचा त्रास असलेली व्यक्ती आधी डॉक्टरांना भेटल्याशिवाय सराव सुरू करणार नाही, हा नियमच करा. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. फोड आलेला कळतही नाही. औषधं चालू असतील तर लांब चालताना साखर एकदम उतरू शकते.

छातीत दाब, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घेरी, अचानक गोंधळल्यासारखं होणं, यांपैकी काही झालं तर तिथेच थांबायचं आणि मदत बोलवायची. 'लोकांनी पैसे दिलेत, मग कसं थांबू?' हा विचार सगळ्यात धोक्याचा. म्हणून देणगी मागतानाच स्पष्ट लिहा : तब्येतीमुळे थांबावं लागलं तरी रक्कम संस्थेलाच जाईल. ही एक ओळ चालणाऱ्याच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरवते.

लोक अंतराला पैसे देतात का?

२०२० च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधले टॉम मूर यांनी काय केलं ते आठवा. वय ९९. दुसऱ्या महायुद्धात ते भारत आणि ब्रह्मदेशात सैनिक होते. आता वॉकर धरून चालायचे. शंभराव्या वाढदिवसाआधी घराच्या अंगणात २५ मीटरच्या १०० फेऱ्या मारायच्या आणि आरोग्यसेवेसाठी १००० पौंड जमवायचे, असं त्यांनी ठरवलं. एकूण अंतर फक्त अडीच किलोमीटर! जमा झाले ३ कोटी २० लाख पौंडांहून जास्त. एखाद्या धावपटूने अडीच किलोमीटर चालून दाखवलं असतं तर कोणी खिशात हातही घातला नसता. लोकांनी अंतर नाही पाहिलं. त्या माणसाला ते अंतर किती जड आहे, हे पाहिलं. धाप लागणाऱ्या माणसाने यातून धीर घ्यावा.

याच गोष्टीला दुसरी बाजूही आहे. तो निधी आरोग्यसेवेच्या धर्मादाय संस्थांकडे गेला. पण पुढे त्यांच्या नावाने जी वेगळी संस्था निघाली, तिच्या कारभारात कुटुंबीयांनी खाजगी लाभ घेतल्याचा ठपका तिथल्या धर्मादाय आयोगाने २०२४ मध्ये ठेवला. लोकांचा विश्वास पायांनी कमावला तरी तो हिशेबानेच टिकतो. म्हणून पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका. देणगीदाराला थेट संस्थेच्या खात्यात भरायला सांगा. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का ते पाहा. प्रत्येकाला पावती मिळू द्या. टी-शर्ट, बॅनर, प्रवास यांचा खर्च देणगीतून करायचा नाही. शेवटी जमा रकमेचा आकडा सगळ्यांना कळवा.

वर्गात काय करता येईल?

पाचवी-सहावीला मैदानाची एक फेरी मोजायला सांगा आणि किती फेऱ्यांत २ किलोमीटर होतात ते काढू द्या. सातवी-आठवीला वरचं चक्रवाढीचं कोष्टक द्या. मधले विश्रांतीचे आठवडे त्यांनाच बसवू द्या. नववीला विज्ञानात कंडरा, सोडियम आणि घाम हे विषय याच निमित्ताने शिकवता येतील.

आणि पीटीच्या तासाला एक खेळ घ्या. मुलांचे चार-चारचे गट करा. मैदानाच्या पाच फेऱ्या चालत मारायच्या, पण चौघांनी मिळूनच रेषा ओलांडायची. पहिल्या फेरीत पुढची मुलं मागच्याला ओरडतील. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत कोणीतरी हळू चालणाऱ्याला सगळ्यात पुढे ठेवेल आणि बाकीचे त्याच्या मागून चालू लागतील. ही युक्ती मुलांना आपण सांगायची नाही. ती त्यांना सापडेपर्यंत वाट पाहायची.