सरगुंड्यांची इटालियन मावसबहीण

पास्त्याचं पाकीट दिसलं, की आमच्या दीपनगरच्या वसाहतीतली पोरं हरखतात. मला त्यात आपले सरगुंडेच दिसतात! काडीवर गुंडाळलेली कणकेची तार, आमरसाबरोबर खायची. ती वळणारे हात आता घरोघर कमी झाले, म्हणून हा प्रपंच.

मार्को पोलोनं पास्ता चीनहून नेला, ही लोणकढी थाप. तो परतला १२९५मध्ये. जिनोव्हाच्या १२७९च्या दस्तऐवजात मॅकरोनीची टोपली आधीच नोंदलेली आहे. त्याही आधी, ११५४मध्ये, अल्-इद्रिसीनं सिसिलीतल्या त्राबियाच्या शेवया जहाजानं परमुलखात जात असल्याचं लिहिलं.

घरी करायचा तर बन्सी गव्हाचा बारीक रवा घ्या. इटलीतला ड्युरम त्याच जातीचा. घट्ट मळून अर्धा तास झाका, लाटून कापा, उकळत्या मिठाच्या पाण्यात सोडा. पाण्याऐवजी तुरीच्या वरणात सोडलात, तर झालीच की वरणफळं!