बेस स्वस्त, खर्ज महाग

झाडीपट्टीच्या नाटकात मंचासमोर ऑर्गन असतो, तबला असतो, अलीकडे ऑक्टोपॅड आणि कीबोर्डही असतात. खर्ज सांभाळायचं काम मग कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे येतं. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, सुरू झाले की वडशाहून निघालेली नाटकं चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत रात्रभर रंगतात. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. या नाटकांच्या गाण्यांना स्वतंत्र खर्ज असावा असं मला फार दिवसांपासून वाटतं. म्हणूनच गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याजवळच्या एका तरुण वादकाने पंधरा हजारांच्या आत-बाहेरची, चार तारांची नवी इलेक्ट्रिक बेस गिटार आणल्याचं कळल्यावर ती पाहायला गेलो. ती निवांत हाताळायला मिळाली.

पहिली गोष्ट डोळ्यांना नाही, हाताला कळली. मानेच्या कडेवरून तळवा फिरवला की फ्रेटची, म्हणजे सुरांच्या जागा आखणाऱ्या आडव्या धातूच्या काड्यांची, टोकं बोचतात. स्वस्त वाद्य म्हणजे हलकी कारागिरी, असं म्हणून हा विषय बरेचजण संपवतात. त्यात तथ्य आहे, पण निम्मंच. फ्रेट बसवली जाते ती पट्टी लाकडाची. हवा कोरडी झाली की लाकूड ओलावा सोडतं आणि आडव्या अंगाने आकसतं. धातूची फ्रेट मात्र आहे तेवढीच राहते. पट्टीची रुंदी साठ मिलिमीटर धरली आणि लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी उतरला, तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. बोटाला बोचायला एवढं पुष्कळ झालं. अशी बरीच वाद्यं इंडोनेशियासारख्या दमट प्रदेशात तयार होतात आणि इथे, चामोर्शी तालुक्याच्या कोरड्या हिवाळ्यात, पुढे उन्हाळ्यात, येऊन पडतात. इलाज सोपा आहे: एक ऋतू जाऊ द्यायचा आणि मग बारीक कानशीने टोकं गोल करून घ्यायची. आल्या आल्या घासलं तर उन्हाळ्यात पुन्हा घासावं लागेल.

त्या पट्टीच्या लाकडाने मला खरा आनंद दिला. माहितीपत्रकात ‘इंडियन लॉरेल’ लिहिलेलं होतं. लाकूडबाजारात या नावाने विकला जातो तो आपला ऐन, टर्मिनेलिया इलिप्टिका. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेला हा वृक्ष चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात जागोजागी उभा आहे. आरमोरीकडचा टसर रेशमाचा किडा याच्याच पानांवर पोसला जातो. पूर्वी गिटारच्या पट्टीला शिसवाचा मान होता. २०१७ साली साइटिस कराराखाली शिसवाच्या साऱ्या जातभाईंच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची अट आली आणि स्वस्त वाद्यांच्या कारखानदारांनी दुसरी लाकडं शोधली. २०१९ साली तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी ऐन टिकून राहिला. तो कठीण आहे, दाट आहे, तारांच्या घासण्याला पुरून उरतो. मानेसाठी जगभर मेपल वापरतात. आलापल्लीचा साग आडव्या अंगाने मेपलच्या जवळपास निम्माच आकसतो, त्यामुळे इथल्या एखाद्या सुताराने सागाची मान करून पाहावी असं मला मनापासून वाटतं.

धडाच्या लाकडावर मात्र मी फार वेळ घालवणार नाही. पॉपलर असो की बासवूड, इलेक्ट्रिक बेसमध्ये आवाज लाकडाच्या पेटीतून येत नाही, तारेतून येतो. लाकडावरून रंगणाऱ्या चर्चेत जेवढा जोर असतो, तेवढा फरक माझ्या कानांना कधी जाणवलेला नाही.

तारेचं गणित मरँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ साली मांडलं. तार लांब केली, ढिली केली किंवा जड केली की सूर उतरतो. लांबी दुप्पट केली तर बरोबर एक सप्तक खाली. तोच परिणाम ताण चौथाईवर आणून किंवा तारेचं वजन चौपट करूनही मिळतो. बेसची सर्वांत जाड तार ४१.२ हर्ट्झला लागते, साध्या गिटारच्या जाड तारेच्या बरोबर एक सप्तक खाली. पण तिची लांबी आहे ८६४ मिलिमीटर, म्हणजे गिटारपेक्षा फक्त तृतीयांशाने जास्त. ताण कमी करायची सोय नाही. तार लोळायला लागते आणि फ्रेटवर खडखडते. उरतं वजन. म्हणून पोलादी गाभ्यावर दुसरी तार गुंडाळून तिची जाडी अडीच मिलिमीटरच्या पुढे नेलेली असते. गाभा मुद्दाम बारीक ठेवतात, कारण तेवढ्याच जाडीची भरीव सळई ताठर होते आणि तिचे उपस्वर चढे निघतात. चारही तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास जातो. तो पेलण्यासाठी मानेच्या आत पोलादी दांडी असते. लाकूड ऋतूप्रमाणे वाकलं की ती पाव फेरा फिरवायची. पहिली आणि शेवटची फ्रेट दाबून धरली असता मधल्या फ्रेटवर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं, तर मान ठीक आहे. या नव्या गिटारीत ते कार्ड सैल फिरत होतं. दांडी थोडी आवळली आणि तारा बोटांना लगेच हलक्या लागू लागल्या. खर्च शून्य.

लांबीचा हा ८६४ मिलिमीटरचा आकडा, इंचांत ३४, लिओ फेंडर यांनी १९५१ साली ठरवला. कॅलिफोर्नियात रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या या माणसाने माणसाएवढ्या उंच डबल बेसला गळ्यात अडकवण्याजोगं केलं. आज मार्कंड्याला पोहोचलेल्या गिटारीचं मोजमाप तेच आहे. तारेखालचा पिकअपही त्याच जातीचा: चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र डुलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलाच हा नियम. तांबं आणि चुंबक स्वस्त कारखान्यातही तेच काम करतात.

पिकअप निवडताना मात्र आपल्याकडे एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. आपली वीज ५० हर्ट्झची. जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो सूर लागतो, तो ४९ हर्ट्झचा. एकच वेटोळं असलेल्या पिकअपमध्ये मांडवातल्या वायरींची घूं शिरली तर ती नेमकी या सुराच्या शेजारी येऊन बसते, आणि दोघांच्या फरकाने सेकंदाला एक अशी संथ लाट उठते. तंबोरा जुळवणारा माणूस ही लाट क्षणात ओळखेल. जनरेटरवर दिव्यांचा भार वाढला की त्याची कंपनसंख्या थोडी घसरते, तशी ही लाटही वेग बदलते. यावर फेंडर यांच्या कारखान्याने १९५७ साली उपाय केला. पिकअपचे दोन तुकडे केले, एकाचे वेढे आणि चुंबक दोन्ही उलटे. प्रत्येक तारेचा संकेत तिच्याखालच्या तुकड्यातून तसाच येतो, दोन्ही तुकड्यांतली घूं मात्र एकमेकींना खाऊन टाकते. या गिटारीवर तसाच दुभागलेला पिकअप आहे. मांडवात वाजवायचं असेल, तर स्वस्तातली बेस घेताना रंग बघण्याआधी हे बघावं.

सूर लावून बसलं की आणखी एक गोष्ट दिसते. थंड रात्री पोलादी तार आकसते, ताण वाढतो, सूर चढतो. दिव्यांच्या उष्णतेत तीच तार सैलावते. त्यामुळे पहिल्या अंकाआधी जुळवलेली गिटार पहाटेपर्यंत तशीच राहील असं धरून चालू नये. ऑर्गनशी ती प्रत्येक अंकाला ताडून पाहावी.

इथवर पंधरा हजारांत सगळं भागलं. खर्ज महाग पडतो तो यापुढे. माणसाचा कान खालच्या सुरांना मंद आहे: एक हजार हर्ट्झचा सूर जेमतेम ऐकू यायला जेवढा ध्वनिदाब लागतो, त्याच्या सुमारे तीनशे पट दाब ४० हर्ट्झला लागतो. त्यात सूर एक सप्तक उतरला की तेवढाच दाब राखण्यासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. हिशेब केला तर ४४० हर्ट्झच्या सुराच्या मानाने जाड तारेच्या सुराला त्याच पडद्याची हालचाल शंभरपटीहून जास्त होते. म्हणून मोठा स्पीकर, मोठी पेटी, दणकट अ‍ॅम्प्लिफायर. गावातल्या भोंग्यातून तीनशे-चारशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर पडत नाही. तरीही भोंग्यावर बेसची चाल ओळखू येते, कारण ४१२, ४५३, ४९४ असे वरचे उपस्वर कानी आले की त्यांच्यातलं सारखं अंतर हेरून मेंदू हरवलेला मूळ सूर स्वतःच भरून काढतो. चाल कळते, छातीत जाणवणारा दाब मात्र मिळत नाही.

मार्कंड्याला हा प्रश्न आणखी अवघड होतो. वैनगंगा इथे उत्तरेकडे वाहते, काठावर देवळांचा समूह, महाशिवरात्रीला जत्रा, आणि सगळं उघड्यावर. खोलीत भिंती खर्जाला परत पाठवतात. इथे तो गेला तो गेला. हवा आणि झाडं त्याला अडवत नाहीत. चार हजार हर्ट्झचा आवाज हवेतच किलोमीटरला वीस डेसिबलहून जास्त विरतो, खर्ज जवळजवळ विरतच नाही. त्यामुळे समोर बसलेल्या प्रेक्षकाला तो पुरत नाही आणि दूरच्या गावात झोपलेल्या माणसाला जागं ठेवतो. आवाज वाढवत नेणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

उपाय मांडणीत आहे. बेसच्या दोन पेट्या शोभेसाठी मंचाच्या दोन टोकांना उभ्या करायची पद्धत सगळीकडे दिसते. ४१ हर्ट्झची लाट सव्वाआठ मीटर लांब, शंभर हर्ट्झची साडेतीन मीटरच्या आसपास. दोन टोकांवरून निघालेल्या अशा लाटा मांडवात काही ठिकाणी एकमेकींना मारतात, आणि तिथे बसलेल्याला खर्ज गायब वाटतो. त्याच दोन पेट्या स्टँडवरून उतरवून, मंचासमोर मधोमध, जमिनीवर, एकमेकींना चिकटून ठेवल्या तर दोघींचा दाब जुळतो आणि एकीपेक्षा सहा डेसिबलपर्यंत जास्त मिळतात. जमिनीचा आधार मिळतो तो वेगळाच. नवी गिटार घेतलेल्या वादकाने आता दुसरी, महागडी गिटार पाहू नये. हातात पैसे येतील तेव्हा आधी एक चांगली पेटी घ्यावी, तोवर आहेत त्या पेट्या मधोमध आणाव्यात.