सॅली-ॲन चाचणी

सॅली-ॲन चाचणी ही विकासात्मक मानसशास्त्रातील एक प्रसिद्ध चाचणी आहे. दुसऱ्याची समजूत आपल्याहून वेगळी, प्रसंगी चुकीचीही असू शकते, हे मुलाला उमगते का, याची पारख तीत केली जाते. लंडनमध्ये पीएच.डी.चे संशोधन करताना सायमन बॅरन-कोहेन यांनी मार्गदर्शिका उटा फ्रिथ व ॲलन लेस्ली यांच्यासह ही चाचणी घेतली. निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले.

स्वरूप

सॅली ही बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. ती नसताना ॲन ही दुसरी बाहुली गोटी पेटीत लपवते. सॅली परतल्यावर मुलाला विचारले जाते, ‘सॅली गोटी कुठे शोधेल?’ ‘टोपलीत’ हे अचूक उत्तर होय.

निष्कर्ष

सर्वसामान्य विकास असलेल्या २७ पैकी २३, डाउन सिंड्रोम असलेल्या १४ पैकी १२, तर स्वमग्न २० पैकी केवळ ४ मुलांनी अचूक उत्तर दिले. गोटी आधी कुठे होती व आता कुठे आहे, हे मात्र सर्वांनीच बरोबर सांगितले. म्हणजे उणीव स्मरणशक्तीची नव्हती.

मर्यादा

उत्तर देण्यासाठी प्रश्नाची भाषा समजावी लागते. म्हणून केवळ या चाचणीवरून स्वमग्नतेचे निदान करता येत नाही. उत्तर चुकलेल्या मुलाला इतरांविषयी माया नाही, असा अर्थही त्यातून निघत नाही.