कांडीवरून कुळ

सरकारी कचेरीत पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला काचेचा गोळा कुणी केला, याची चौकशी कुणी करत नाही. स्कॉटिश पेपरवेटांच्या बाबतीत मात्र माणसं भिंग, मोजपट्टी आणि अतिनील दिवा घेऊन बसतात. कारागिराचं नाव पक्कं झालं की गोळ्याची किंमत कितीतरी पट वाढू शकते. अडचण एवढीच, की असंख्य गोळ्यांवर नाव नसतं. चिकटवलेला कागद असला तरी तो कधीच निघून गेलेला असतो.

या काचेचा मूळपुरुष स्पॅनिश. बार्सिलोनाचा साल्व्हादोर इसार्ट पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधून स्कॉटलंडला आला आणि १९२२ मध्ये पर्थ गावातल्या मॉनक्रीफ यांच्या कारखान्यात लागला. तिथं बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या नळ्या, प्रयोगशाळेची भांडी असा रुक्ष माल निघे. मालकीणबाई इझाबेल मॉनक्रीफ यांनी साल्व्हादोरच्या हातातली कला हेरली आणि १९२४ मध्ये ‘मोनार्ट’ नावाची रंगीत काच बाजारात आली. साल्व्हादोरची चारही मुलं याच धंद्यात. थोरला पॉल १९३० च्या दशकात पेपरवेटांकडे वळला आणि फुलपाखरं, फुलं, मासे काचेत बसवू लागला.

ओळख पटवण्याची खरी सामग्री असते ती गोळ्यातल्या ठिपक्याठिपक्यांच्या नक्षीत. तो प्रत्येक ठिपका म्हणजे एका कांडीचा काप. वितळलेल्या रंगीत काचेचा गोळा लोखंडी साच्यात दाबतात; साच्याच्या आत चांदणीच्या किंवा दातेरी चाकाच्या आकाराच्या खोबणी असतात. त्यावर दुसऱ्या रंगाचा थर, मग हवा तर दुसरा साचा. शेवटी दोघं कारागीर तो तापलेला ऐवज दोन टोकांनी धरून एकमेकांपासून लांब चालत जातात. मनगटाएवढी जाडी पेन्सिलीएवढी होते, पण आतली चांदणी मोडत नाही. फक्त बारीक होते. अळूवडीचा उंडा कुठंही कापा, वळसे तेच दिसतात, तसं इथं. हे काप उभे मांडून तापवायचे, गरम काचेनं उचलायचे, वर नितळ काचेचा घुमट चढवायचा, ओल्या लाकडी साच्यात घोळवून आकार द्यायचा आणि सावकाश थंड करायचं. घुमट भिंगाचं काम करतो, म्हणून आतलं सगळं मोठं दिसतं.

लोखंडी साचा कारखान्याच्या मालकीचा असतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. त्याचा एखादा दाता झिजलेला असेल, तर त्यातून निघालेल्या कांडीतही तो दोष उतरतो. त्यामुळे जाणकार संग्राहक आधी कांड्यांची चित्रं जुळवतात आणि सहीकडे नंतर वळतात. सहीवर विसंबणं धोक्याचंच आहे. पॉलनं काही गोळ्यांत ‘पीवाय’ अक्षरांची कांडी घातली, आणि ती असली की भाव चढतो हे कळताच बनावट ‘पीवाय’ कांड्यांचे गोळेही बाजारात आले.

पण साच्यावर विसंबणंही सरळ नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉल मॉनक्रीफमध्येच राहिला. वडील आणि ऑगस्टीन, व्हिन्सेंट हे भाऊ बाहेर पडले आणि त्यांनी पर्थमध्येच आपली भट्टी घातली. पुढं तिला ‘व्हासार्ट’ नाव मिळालं. त्यांच्या गोळ्यांत पिळाच्या कांड्या चाकाच्या आऱ्यांसारख्या मांडलेल्या दिसतात आणि रंग बहुधा फिकट, दुधाळ असतात. या कारखान्यानं टीचर्स व्हिस्कीच्या बाटल्या चपट्या करून ॲशट्रेही केले. त्याच व्हिस्कीवाल्यांच्या पैशानं १९६४-६५ च्या सुमारास क्रीफ गावी स्ट्रॅथअर्न काचकारखाना उभा राहिला आणि व्हासार्टची माणसं तिथं गेली. म्हणून व्हासार्ट संपून स्ट्रॅथअर्न नेमका कुठं सुरू होतो, हे नुसत्या नक्षीवरून सांगताना अनुभवी माणूसही थबकतो. स्ट्रॅथअर्नच्या तळाशी उडी मारणाऱ्या सामन माशाचा ठसा असला, तर मात्र वाद मिटतो.

१९६८ मध्ये स्टुअर्ट ड्रायस्डेल हे पेशानं वकील असलेले गृहस्थ तिथून बाहेर पडले. अमेरिकी मासिकात जुन्या फ्रेंच पेपरवेटांची छायाचित्रं पाहून आपणही तेवढ्या दर्जाचं काम करावं, हे त्यांच्या मनात बसलं होतं. क्रीफमध्येच त्यांनी पर्थशायर पेपरवेट्स काढली आणि कारागीर बरोबर नेले. हे काम फार नेटकं आहे: कांड्या बारीक, मांडणी घट्ट, आणि कित्येक गोळ्यांत ‘पी’ अक्षराची कांडी. माझ्या मते स्कॉटिश काचेत हातोटीबरोबर शिस्त दिसते ती इथंच. व्हासार्टची थोडी वाकडी, उनाड मांडणी आवडणाऱ्यांना हे पटणार नाही.

उत्तरेकडं केथनेस परगण्यात वेगळीच परंपरा रुजली. विक गावी १९६१ मध्ये केथनेस ग्लास निघाली. १९६३ मध्ये पॉल इसार्ट तिथं कारागीर घडवायला गेला आणि विल्यम मॅन्सनसारखा शिष्य त्याच्या हाताखाली तयार झाला. १९६९ मध्ये कॉलिन टेरिसनं ग्रहांवर आधारित अमूर्त गोळ्यांचा संच काढला. त्यात कांड्या नाहीत. रंगांची वलयं, धूसर पट्टे आणि बुडबुडे आहेत. साचा जुळवायची पद्धत इथं निरुपयोगी ठरते. मग तळावर कोरलेलं नाव आणि आवृत्तीचा क्रमांक वाचायचा.

अतिनील दिवा सगळ्यात शेवटी लावावा. काचेत कोणते घटक आहेत, त्यावर चमक ठरते. शंकास्पद गोळ्याची चमक त्याच कारखान्याच्या खात्रीच्या गोळ्यापेक्षा वेगळी असेल, तर कुळ चुकलं, एवढं त्यातून कळतं. बरोबर कुळ कोणतं, ते दिवा सांगत नाही.

पर्थशायर २००२ मध्ये बंद पडली, तरी तिथं घडलेले हात थांबले नाहीत. पीटर मॅकडूगलनं आपली भट्टी सुरू केली. जॉन डीकन्स आधीच वेगळा झाला होता आणि ‘जेडी’ कांडी घालत होता. एकाच घराण्यात शिकलेले हे हात आणि जवळजवळ सारखीच मांडणी: सहीची कांडी नसलेला क्रीफचा गोळा समोर आला, की भिंग पुन्हा दातेरी चाकाच्या दात्यांवर जातं.