एका पायाचं वजन किती?

धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळी परिसरात सोयाबीनचं पोतं काट्यावर चढवलं की आकडा दिसतो आणि वाद मिटतो. अवयवाच्या वजनाचं तसं नाही. हात किंवा पाय शरीराला जोडलेला असेपर्यंत त्याचं वजन कुठल्याही काट्यावर थेट वाचता येत नाही. ते हिशेबानं काढावं लागतं. ज्यांच्या अंगावरून वारं गेलंय, मधुमेहानं किंवा अपघातानं ज्यांचा पाय काढावा लागलाय, ज्यांना हत्तीरोग आहे, त्यांच्या उपचारात हा हिशेब येतो आणि त्यातले गैरसमज त्यांनाच भोवतात.

गैरसमज: हात सैल सोडून काट्यावर ठेवला की त्याचं वजन कळतं.

कळत नाही, कारण हाताचं दुसरं टोक खांद्यानं धरलेलं असतं. 60 किलोच्या माणसाचा एक पूर्ण हात साधारण 3 किलोचा. हात आडवा लांब करून मनगट काट्यावर टेकवलं तर आकडा दीड किलोच्या आसपास येतो. उरलेला भार खांदा पेलतो. खांदा जरा ताठ केला की आकडा आणखी उतरतो.

मग खरी रीत कोणती? एक फळी घ्यायची. एक टोक अरुंद धारेवर टेकवायचं, दुसरं काट्यावर. माणसानं धारेवरच्या टोकाकडे डोकं करून उताणं झोपायचं आणि काट्याचा आकडा लिहून घ्यायचा. मग एक पाय गुडघ्यात न वाकवता सरळ वर उचलायचा. पायाचा भार कमरेकडे सरकतो आणि आकडा उतरतो. फळी 2 मीटर लांब असेल तर 60 किलोच्या माणसाच्या बाबतीत ही घट पावणेदोन किलोच्या आसपास भरते. पुष्कळ जण इथेच थांबून हेच पायाचं वजन समजतात. पण ही घट फळीच्या लांबीनं गुणायची आणि पायाचा भारमध्य जितका सरकला त्या अंतरानं, म्हणजे सुमारे 36 सेंटिमीटरनं, भागायची. उत्तर येतं 9.7 किलो. भारमध्याचं अंतर 2 सेंटिमीटरनं चुकलं तर उत्तर अर्धा किलोहून अधिक बदलतं, आणि ते अंतर आपण मोजलेलं नसतं, तक्त्यातून उसनं घेतलेलं असतं.

पाण्याची रीत सोपी वाटते, आणि घरी करून बघण्यासारखी ती एकच आहे. पाण्यानं अर्धी भरलेली बादली काट्यावर ठेवा. कोपरापर्यंत हात तळाला आणि कडेला न लावता पाण्यात सोडा. समजा आकडा 1.2 किलोनं वाढला. हे हाताचं वजन नव्हे. हातानं जितकी जागा व्यापली तितक्या पाण्याचं हे वजन, म्हणजे घनफळ 1.2 लिटर. कोपराखालच्या हातात हाडाचा वाटा मोठा, त्यामुळे त्याची घनता पाण्याहून जास्त, साधारण 1.1. गुणाकार केला की 1.3 किलो. विहिरीत उताणं तरंगताना पाय आपोआप खाली जातात ते याच कारणानं. छातीतली हवा धड वर ठेवते, पायात तशी हवा नसते.

आता तक्त्यांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त विश्वास त्यांच्यावरच ठेवला जातो. पूर्ण हात 5 टक्के, पूर्ण पाय 16 टक्के, डोकं व मान 8 टक्के, हे आकडे पाठ्यपुस्तकांत सर्रास छापलेले असतात. त्यांचा मोठा आधार म्हणजे अमेरिकेत डेम्पस्टर यांनी 1955 साली प्रसिद्ध केलेलं काम: आठ मृतदेह, सगळे उतारवयाच्या पुरुषांचे. त्याआधी 1889 मध्ये जर्मनीत ब्राउने आणि फिशर यांनी गोठवलेल्या देहांचे भाग करून वजनं घेतली होती. यात बाई नाही, पोर नाही, उसाच्या फडात कोयता चालवणारा तरुण नाही. 1983 मध्ये रशियातल्या झात्सिओर्स्की यांनी जिवंत माणसांवर गॅमा किरणांनी मोजणी केली. डेम्पस्टरची मांडी शरीराच्या 10 टक्के होती, त्यांची 14 टक्क्यांवर गेली. मांडी एवढी बदलली नव्हती. कमरेपाशी मांडी संपते कुठे याची रेघ दोघांनी वेगळी ओढली. म्हणून आकडा कुणी सांगितला तर रेघ कुठे ओढली हे आधी विचारावं.

डेक्सा यंत्र क्ष-किरणांनी हातापायांचं वस्तुमान बरंच नेमकं देतं, पण तिथेही रेघ ओढावीच लागते. घरच्या ‘स्मार्ट’ काट्याचं वेगळं. नुसते पाय टेकवले की काट्यानं सोडलेली सूक्ष्म वीज मुख्यतः पायांतूनच फिरते; हाताचा आकडा हा अंदाज असतो.

गैरसमज: लकवा झालेला हात जड होतो.

वजन वाढत नाही. स्नायू झिजल्यानं पुढे कमीच होतं. माणूस गेल्यावर देह जड झाला असं तिरडी उचलणारे म्हणतात, तिथेही एक ग्रॅमही वाढलेला नसतो. अंग स्वतःला सावरत नाही, म्हणून भार जाणवतो. मात्र लकव्याच्या हातात धोका खरा आहे. ते 3 किलो आता स्नायू पेलत नाहीत, खांद्याच्या बंधांवर लोंबतात, आणि सांधा हळूहळू खाली सरकतो. म्हणून बसताना हात उशीवर टेकवावा. अशा माणसाला उठवताना त्या हाताला धरून ओढू नये, पाठीमागून आधार द्यावा. घरातली प्रेमाची माणसंच घाईत ही ओढ देतात, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

हत्तीरोगाचं दुखणं या भागाला परकं नाही. सोलापूर, लातूर, धाराशिव हे राज्यातल्या हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत मोडतात. सुजलेल्या पायाचं वजन काढत बसण्यापेक्षा टेपनं घेर मोजणं उपयोगाचं. दर वेळी त्याच जागी, दिवसाच्या त्याच वेळी. दोन्ही पायांच्या घनफळात एक लिटरचा फरक असेल तर रुग्ण जवळपास एक किलो जादा ओझं वागवतोय असं धरता येतं.

पाय काढलेल्यांच्या बाबतीत तर नेहमीचा काटा फसवतो. समजा 165 सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा एक पाय कमरेपासून काढलाय आणि काटा 52 किलो दाखवतो. उंचीशी ताडून पाहिलं तर बीएमआय निर्देशांक 19, म्हणजे माणूस बारीक. पण गेलेल्या पायाचे 16 टक्के धरून 52 ला 0.84 नं भागलं की 62 किलो येतात आणि निर्देशांक 23 च्या जवळ जातो. बारीक समजून त्याला जादा खायला घातलं तर, मधुमेह असल्यास, तो वाढेल. गुडघ्याखालचा पाय गेला असेल तर सुमारे 6 टक्के धरतात, खुंट जितका उरला तितके कमी. वजन करताना कृत्रिम पाय काढून ठेवायचा, किंवा त्याचं वजन वजा करायचं.

कृत्रिम पाय खऱ्याइतकाच जड हवा, नाहीतर तोल जातो, हीही समजूत आहे. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून सैनिकांना पाय बसवत आलं आहे, जयपूर फूट 1960 च्या दशकाच्या अखेरीस आला. हे पाय मुद्दाम हलके ठेवले जातात. 60 किलोच्या माणसाचा गुडघ्याखालचा खरा पाय साडेतीन किलोच्या पुढे असतो. बसवलेला पाय त्याहून पुष्कळ हलका असूनही सुरुवातीला जड वाटतो, कारण त्याला ओढणारा स्नायू नाही, सगळं ओझं खुंटाला लटकतं. पहिल्या आठवड्यांत ‘पाय जड आहे’ म्हणून तो कोपऱ्यात ठेवून देणाऱ्यांनी आधी खोबणी नीट बसते का ते तपासून घ्यावं. तक्रार पुष्कळदा तिथली असते.