तगरचे कापड आणि तेरचे संग्रहालय

कुंथलगिरीच्या दर्शनाला आपली अनेक कुटुंबे धाराशिव जिल्ह्यात जातात आणि दर्शन घेऊन बार्शी-सोलापूरच्या रस्त्याने परततात. त्याच जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून ते बहुतेकांना ठाऊक असते. व्यापारी घराण्यांनी ते आणखी एका कारणासाठी पाहावे. दोन हजार वर्षांपूर्वी 'तगर' या नावाने हे गाव दख्खनच्या कापडबाजारात प्रसिद्ध होते. त्या बाजारपेठेचे जे काही उरले, त्याचा मोठा भाग गावातल्याच कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात जपलेला आहे.

तगरचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक ग्रंथात येतो. हे पुस्तक म्हणजे कोणत्या बंदरात कोणता माल मिळतो आणि कोणता खपतो, हे सांगणारी दर्यावर्दी व्यापाऱ्याची मार्गदर्शिकाच होय. भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे त्याचा अज्ञात लेखक नोंदवतो. पैठणहून अकीकासारखे दगड येत आणि तगरहून जाडेभरडे कापड, नाना प्रकारची मलमल व इतर वस्त्रे. हा सारा माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांनी भडोचच्या बंदरात पोहोचत असे.

आकडे दिसले की पडताळून पाहायचे, ही सवय बँकेच्या नोकरीने लावली, ती निवृत्तीनंतरही जात नाही. नकाशावर सरळ रेषेने भडोच ते पैठण सुमारे साडेतीनशे किलोमीटर भरते आणि पैठण ते तेर सुमारे दीडशे. म्हणजे भरलेली गाडी दिवसाकाठी पंधरा ते अठरा किलोमीटर चालत होती. घाटवळणे धरली तर थोडी अधिक. बैलगाडीचा हिशेब ज्यांच्या आजोबांनी केला असेल त्यांना हा आकडा पटावा. दिशा मात्र त्या लेखकाने ढोबळ सांगितली आहे, कारण तेर पैठणच्या आग्नेयेला येते. त्यामुळेच तगर नेमके कोठे, यावर विद्वानांत दीर्घ काळ वाद चालला. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली तगर म्हणजे तेर असे मांडले आणि ते मत पुढे सर्वमान्य झाले.

जैन साहित्यालाही हे गाव परके नाही. मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूर नगर आणि त्याजवळची पार्श्वनाथांची गुंफा येते. डॉ. हिरालाल जैन यांनी १९३४ साली कारंजा ग्रंथमालेत हे काव्य संपादित करून प्रसिद्ध केले आणि त्या गुंफांचा संबंध धाराशिवजवळच्या लेण्यांशी जोडून दाखवला.

आता संग्रहालयाविषयी. मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढर म्हणतात. धाब्याच्या घरांवर घालण्यासाठी तिथली माती लोक पिढ्यान्‌पिढ्या उकरून नेत आले आहेत. तेरच्या भोवती अशी अनेक टेकाडे आहेत. मोठा पाऊस झाला की मातीतून मणी, नाणी, खापरे, मातीच्या बाहुल्या वर येत. गावाला त्यांचे अप्रूप नव्हते. लामतुरे यांना मात्र होते. ते तेरचेच रहिवासी. पुरातत्त्वाची पदवी नसलेल्या या गृहस्थाने वर्षानुवर्षे या वस्तू गोळा केल्या, नीट जपल्या. १९५८ साली आणि त्यानंतरही येथे शास्त्रीय उत्खनने झाली, पण तेरचे नाव अभ्यासकांत दुमदुमले त्यात लामतुरे यांच्या संग्रहाचा वाटा फार मोठा. पुढे तो शासनाच्या ताब्यात आला. आज त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत.

शंखाच्या बांगड्या तेथे पाहाव्यात, कारण समुद्र या गावापासून कितीतरी दूर आहे. सातवाहनांची नाणी पाहावीत, मण्यांचे प्रकार पाहावेत. केओलिन या पांढऱ्या मातीच्या बाहुल्यांपाशी अधिक वेळ थांबावे. दोन साच्यांत पुढचा व मागचा भाग वेगळा दाबून मग ते जोडलेले असतात, आत पोकळी राहते. ही रीत रोमन जगाशी आलेल्या संबंधातून इकडे रुजली असे अभ्यासक मानतात. चेहरे, केशरचना आणि दागिने मात्र अस्सल दख्खनी आहेत.

संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीतील पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तेथे भारतीय घडणीची एक हस्तिदंती मूर्ती सापडली, ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरची मूर्ती आणि जालना जिल्ह्यातील भोकरदनला मिळालेली मूर्ती या दोन्ही तिच्याशी मिळत्याजुळत्या आहेत. पाँपेईची मूर्ती तेरहूनच गेली, असे कोणी सांगितले तर ते उत्साहाचे बोलणे समजावे. दख्खनचे कारागीर आणि रोमन गिऱ्हाईक यांच्यात देवघेव होती, एवढे मात्र त्यावरून म्हणता येते.

आणि कापड? ज्या मालासाठी तगरचे नाव सातासमुद्रापार गेले, त्याची चिंधीही राहिलेली नाही. कापड कुजते. ज्यांवर जमाखर्च मांडला असेल ती पानेही कुजतात. तगरच्या एकाही सावकाराचे खाते आपल्यापुढे नाही, आणि त्याच्या मालाची यादी मिळते ती परदेशी माणसाच्या पुस्तकात.

त्या काळचा कापडधंद्यातला पैशाचा व्यवहार कसा चाले, हे कळते नाशिकच्या पांडवलेण्यांत, तेही दगडावर कोरला म्हणून. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यातील भिक्षूंसाठी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. मोठ्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. दोन हजारांवर वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बाराही दोनशे चाळीस. हिशेब तंतोतंत जुळतो. मुद्दल परत न करता केवळ व्याज देत राहायचे, ही अटही स्पष्ट लिहिली आहे. आजच्या एखाद्या धर्मादाय न्यासाच्या ठेवपावतीत याहून अधिक काय असते?

आपल्या पेढ्यांकडे दगडावर कोरलेले काही नाही. रोजमेळ, खतावणी, हुंडीची पेठ, नगद-उधारीच्या लाल वह्या हेच आपले कागद. कर्जप्रकरणांच्या निमित्ताने मी अशा कितीतरी वह्या हाताळल्या. एका मोठ्या पेढीच्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा पोतीभर वह्या रद्दीत गेल्या, कारण कोणत्याच भावाला त्या नको होत्या. कर खात्याची मुदत संपली म्हणजे वहीचे काम संपले, अशी आपली समजूत. त्या वहीत मात्र गावचा भाव, दुष्काळातली उधारी, मुनिमाचा पगार, लग्नाचा खर्च, धर्मशाळेची देणगी असे सारे असते, आणि ते दुसरीकडे कोठेही नसते. १९५७ साली आणे-पै जाऊन नवे पैसे आले, त्यानंतर काही वर्षांतच शेर-मण जाऊन किलो आला. त्या संक्रमणाच्या वह्या आजही माळ्यावर असतील, शिक्का मारलेली जुनी वजनेही असतील.

तिजोरीची गरज नाही. कोरडी जागा, वाळवीपासून दूर, प्लॅस्टिकमध्ये न कोंडता सुती फडक्यात बांधलेले बासन पुरेसे. कोणाला घरात ठेवणे अशक्य असेल तर जिल्ह्यातील संग्रहालयाला किंवा इतिहास मंडळाला विचारावे, रद्दीवाल्याला शेवटी. मोडीतली वही वाचता येत नाही म्हणून टाकू नये. मोडी वाचणारे अजून आहेत. वहीच्या पहिल्या पानावर पेढीचे नाव, गाव आणि संवत बहुधा असतोच. त्याखाली ती कोणाच्या हातची आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना या दिवाळीला विचारून पेन्सिलीने लिहून ठेवावे. शाईने नको, ती फुटते.